मुद्देमालासोबत माझा फोटो

पोळ्याच्या दोन दिवस आधीची सकाळ. चोरीला गेलेला माल: एक बैल, नाव हिऱ्या, किंमत पंचावन्न हजार. ठाण्यात हजर: फिर्यादी गजानन, त्याचे वडील सुदामबुवा, त्यांचा सालदार देवराव, आमचे शेख जमादार आणि मी. बैल कुठे आहे हे या पाचांपैकी एकाला पक्कं माहीत होतं. तो मी नव्हतो, एवढंच आज खात्रीने सांगू शकतो.

पुण्याहून यवतमाळ जिल्ह्यातल्या या ठाण्यात बदलून येऊन मला चार महिने झाले होते. पुण्यात गुन्हे शाखेत होतो. वाहनचोरीचे बरेच गुन्हे उघडकीस आणले होते, आणि हे मी इथे भेटेल त्याला सांगत होतो. बदली का झाली ते सांगत नव्हतो.

"मालाचं वर्णन?" मी विचारलं.

"पांढरा," गजानन म्हणाला. "शिंगं अशी." त्याने दोन्ही हात वर करून दाखवले.

"विशेष खूण?"

"मारका हाय, साहेब. कोनाले जवळ येऊ देत नाही. बुवा अन् देवराव, दोघंच धरू शकतात. मले बी मारते."

हे ऐकून मी पेन खाली ठेवलं. पुण्यात असं वाक्य मिळायला आठवडा लागायचा. बैल गोठ्यातून गेला, आरडाओरडा नाही, कुत्रं भुंकलं नाही. म्हणजे घरचाच माणूस. जोडीतला एकच बैल का नेला, हा प्रश्नही मला पडला. मी त्याच्याखाली दोन रेघा मारल्या आणि पुढे सरकलो.

आता उरले दोघे. एक सुदामबुवा, वय चौऱ्याहत्तर, फिर्यादीचे वडील. त्यांना मी खुर्ची दिली, चहा दिला. दुसरा देवराव. सालदार म्हणजे वर्षभराच्या ठरावावर शेतात राबणारा गडी. त्याला मी उभंच ठेवलं होतं.

चहा संपल्यावर बुवा उठले. "मी जाऊ काय, साहेब? पोरीकडे जाचं हाय, पोळ्याले."

"जा ना बुवा, खुशाल जा."

ते गेल्यावर मी देवरावला चौकशीसाठी बसवलं. बसवलं म्हणजे अटक नाही. सकाळी यायचं, बाकावर बसायचं, संध्याकाळी घरी जायचं. कायद्याने तो कधीही उठून जाऊ शकत होता. तो गेला नाही, कारण मी साहेब होतो.

तपास जोरात सुरू केला. टॉवर डंप मागवला. म्हणजे त्या रात्री त्या टॉवरखाली कोणकोणते मोबाईल चालू होते त्याची माहिती. टॉवर एक आणि गावं सहा, त्यामुळे अख्खा परिसर संशयित निघाला. परिसरात सीसीटीव्ही एकच, तोही बियर बारच्या दारावर. त्याचं फुटेज मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. बैल दिसला नाही, आमच्या ठाण्यातले दोघे दिसले.

दुसऱ्या दिवशी मी देवरावसमोर खुर्ची ओढून बसलो.

"पिकअप कोणाची होती?"

"कोनती पिकअप, साहेब?"

"बैल कशात नेला?"

"साहेब, अकरा वर्षं झाले, पोळ्याले तोरनाखाली हिऱ्याले मीच धरतो. मी कायले नेईन? उद्या मी तिथं दिसलो नाही तं गाव म्हनन, यानंच नेला. मंग पुढच्या साली कोन ठेवते मले कामावर?"

"भावनिक होऊ नको," मी म्हणालो. हे वाक्य आजही माझी बायको मला ऐकवते.

पोळ्याच्या दिवशी मला शेजारच्या गावात बंदोबस्त लागला. पोळ्याला कसला बंदोबस्त, असं मीही विचारलं होतं. तोरणाखाली पहिली जोडी कोणाची उभी राहणार, यावरून डोकी फुटतात, असं उत्तर मिळालं.

आंब्याच्या पानांचं लांबलचक तोरण, खाली ओळीने जोड्या. झुली, बेगड, रंगवलेली शिंगं. एका जोडीतला उंच बैल फारच देखणा होता. शिंगं जांभळी, अंगावर आरशांची झूल. कासरा धरून सुदामबुवा उभे.

"बुवा, तुम्ही इथे?"

"पोरीचं गाव हाय ना हे."

"बैल मात्र झकास आहे."

"हाय ना," बुवा म्हणाले आणि दुसरीकडे पाहू लागले.

मी बैलाशेजारी उभा राहून शिपायाकडून फोटो काढून घेतला. बुवांनी कासरा घट्ट धरल्यामुळे फोटो चांगला आला. 'ग्रामीण संस्कृतीचा आनंद' असं लिहून मी तो ठाण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत शेख जमादारांचा फोन.

"सर, फोटो पाह्यला. देवरावले बी दाखवला."

"मग? छान आहे ना?"

"तो म्हनते, फाटक्या कानाचा हाय, हिऱ्या हाय."

"कोण हिऱ्या?"

"मुद्देमाल, सर."

मी वळून पाहिलं. बैलाचा डावा कान टोकाला फाटलेला होता. पुण्यात मी रंग बदललेल्या गाड्या ओळखायचो.

बुवांना बाजूला घेतलं. त्यांनी काही लपवलं नाही. लेकीच्या जोडीतला एक बैल उन्हाळ्यात मेला होता. एका बैलाने तोरणाखाली उभं राहता येत नाही. भाऊ-बहिणीचं वावराच्या हिश्श्यावरून बोलणं बंद, गजानन बैल देणार नाही. म्हणून पहाटे बुवांनीच हिऱ्याला चालवत आणला.

"मग ठाण्यात बोलले काहून नाही?" घाईत माझ्याही तोंडून 'का'ऐवजी 'काहून' निघालं.

"पोरासमोर सांगतलं असतं तं बैल तवाच वापस गेला असता. तुम्ही एकटं घेऊन इचारलं असतं तं सांगतलं असतं. तुम्ही चा पाजला."

"तिकडे ठाण्यात तुमचा देवराव दोन दिवसांपासून बाकावर बसलाय."

बुवांचा चेहरा उतरला. "देवराव? त्याले कायले बसवलं? त्याले आना, साहेब. आत्ताच आना. अन् बैल माह्या पैशानं घेतला हाय. चोर म्हना तं मले म्हना."

आमची जीप गेली. शेख जमादार देवरावला घेऊन आले, मागून मोटारसायकलवर गजानन आला. गजाननला बैल लगेच हवा होता. बहीण आरतीचं ताट घेऊन उभी होती. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, तोरण तुटून पोळा फुटेपर्यंत माल हलणार नाही. या तपासात मी दिलेला हा एकमेव बरोबर आदेश.

मग झडत्या म्हणायचा माईक मागून घेतला. पोळ्यात जोडीसमोर म्हणायची यमक जुळवलेली गाणी म्हणजे झडत्या. मी मात्र साध्या भाषेत सांगितलं की देवरावने काही चोरलेलं नाही, चूक पोलिसांची, म्हणजे माझी. माईक खाली ठेवतो न ठेवतो तोच गर्दीतून एक जण ओरडला:

"मोबाईल रे मोबाईल, साहेबाचा मोबाईल,
सहा गावं धुंडले, फोटोत निंगाला बैल!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

सगळ्यात मोठ्याने शेख जमादार हसले.

तोरण तुटलं तेव्हा हिऱ्याचा कासरा देवरावच्या हातात होता. गजाननच्या मोटारसायकलवर बुवा मागे बसले. बहिणीच्या घरी तो चहाला थांबला नाही, पण बैल दुसऱ्या दिवशी न्यायला तयार झाला.

गुन्ह्यात आम्ही 'क' समरी पाठवली. म्हणजे फिर्याद खोटी नाही, पण गुन्हाही घडला नाही, गैरसमज झाला. गैरसमज कोणाचा, ते लिहायला त्या कागदावर रकाना नाही. एक मात्र शिकलो. संशयिताला खुर्ची द्यावी आणि ज्याला खुर्ची देतो त्यालाही प्रश्न विचारावा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी परतताना देवराव हिऱ्याला माझ्या क्वार्टरवर घेऊन आला. बायकोने लांबूनच ओवाळलं. बैल दारी आला की धरणाऱ्याला पैसे द्यायचे असतात, त्याला इथे बोजारा म्हणतात. मी पाचशे एक रुपये काढले. देवरावने शंभराची एक नोट आणि वरचा रुपया ठेवला, बाकीचे परत केले.

"साहेब, बोजारा एवढाच असते. बाकीचे बाकावर बसल्याचे असतीन, तं ते नको."

देवरावला पोचले रुपये एकशे एक.