बरॅकीतला वस्तरा

विलास गेला त्या दिवशी गुरुवार होता. सकाळी सव्वानऊला शेजाऱ्यांच्या फोनवर रुग्णालयातून निरोप आला. मी सांभाळतो ते वाचनालय त्या दिवशी उघडले नाही.

विलास माझा भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटा. मुलुंडच्या आमच्या चाळीत झालेल्या एका मारामारीत त्याच्या हातून एकाचे डोके फुटले आणि त्याला अडीच वर्षांची शिक्षा झाली. महिन्यातून दोनदा मी तुरुंगात त्याच्या मुलाखतीला जात असे. ती खोली आठवली की अजूनही फिनेल आणि घाम यांचा मिसळलेला वास येतो, आणि दुहेरी जाळीतून चाळून आलेला तो करडा उजेड आठवतो, ज्यात समोरच्या माणसाचा चेहरा सलग असा कधी दिसतच नसे. म्हणूनच कदाचित त्याच्या डोळ्यांत उतरलेला पिवळेपणा दोन खेपांत माझ्या लक्षात आला नाही.

तुरुंगाच्या डॉक्टरांनी रक्त तपासून त्याला सांगितले होते, की ही पाण्यातून येणारी कावीळ नव्हे, रक्तातून रक्तात जाणारी आहे. बरॅकीत बत्तीस जणांची दाढी एकाच वस्तऱ्याने, त्यातल्या एकाच पात्याने होते, तिथूनच ती आली असावी. आपल्याला झाले ते इतरांना होऊ नये, एवढेच त्याने मनाशी धरले आणि मला म्हणाला, नीट लिहून आण. वाचनालयातले ग्रंथ उघडून, अक्षर घोटून मी चार पाने लिहिली आणि शिपायाच्या हाती आत पाठवली. पुढच्या खेपेला तो जाळीमागे हसत उभा होता.

"दादा, काय रे हे? यकृत, संसर्ग, दक्षता... मी वाचायला लागलो तर अर्धी बरॅक आरती समजून उभी राहिली."

"मग कसं सांगणार तू?"

"माझे डोळे दाखवून. दुसरं काय आहे माझ्याकडे?"

त्याने तसेच केले. सर्वांसमोर आपला आजार सांगितला. त्याच संध्याकाळी त्याचे ताट वेगळे झाले, सतरंजी कोपऱ्यात सरकली. आणि रविवारी वस्तरा मात्र पूर्वीसारखाच एका गालावरून दुसऱ्या गालावर फिरत राहिला. शिवाशिव आपल्यात इतकी मुरलेली, की आजारही त्याच वाटेने येणार असे सगळे धरून चालले. हे ऐकून मला त्या माणसांचा राग आला होता. पण शिक्षा संपून विलास घरी आला तेव्हा त्याचा पेला वेगळ्या फळीवर ठेवणारा मीच होतो. त्याने ते पाहिले, आणि त्याच फळीवरून पेला घेऊ लागला. बरॅकीत पुढे काय झाले, हे विचारायला मग मला तोंड उरले नाही.

ते कळले त्याच काविळीने विलास गेल्यावर, तेराव्यानंतर. दहिसरहून गणपत नावाचे एक गृहस्थ आले. विलासबरोबर आत होते. चप्पल दाराबाहेर काढून, खुर्चीच्या कडेवर बसून ते बोलत राहिले.

"आमचा न्हावी म्हणजे एक म्हातारा कैदी, काका म्हणायचो. तो ऐकेचना. म्हणाला, 'बत्तीस थोबाडं, बत्तीस ब्लेडं! माझ्या सासऱ्याची फॅक्टरी आहे काय?' तर तुमचा भाऊ सरळ त्याच्यापुढे जाऊन बसला. 'काका, आधी माझी करा. मग त्याच वस्तऱ्याने स्वतःची करा.' काकाचा हात काय वर येईना, साहेब."

पुढच्या रविवारपासून तुरुंगाच्या साहेबांच्या परवानगीने प्रत्येकाचे अर्धे पाते वेगळे झाले. ते नाव लिहिलेल्या कागदात गुंडाळून काकांच्या डब्यात राही आणि वस्तरा प्रत्येक वेळी उकळत्या पाण्यातून निघे. नवा कैदी आला की विलास त्याला पहिल्याच दिवशी जवळ बसवून हे सांगे. तो सुटला तेव्हा ते काम गणपतांकडे आले. गणपत सुटताना एका ट्रक ड्रायव्हरकडून सगळे तीनदा वदवून घेऊन बाहेर पडले.

"तुमची चार पानं?" मी न विचारता तेच म्हणाले, "विड्या वळल्या आम्ही त्याच्या. रागावू नका."

मी हसलो. विलास गेल्यानंतर पहिल्यांदाच.

गणपत मधून मधून येतात. गेल्या महिन्यात म्हणाले, तो ट्रक ड्रायव्हरही सुटून भेटला, आता सांगणारा चौथा माणूस आहे. विलासला पाहिलेले त्या बरॅकीत आता कोणी नाही.