अक्का दवाखान्याला निघाली तेव्हा
गुऱ्हाळावर उकळणाऱ्या रसाचा वास आला की मला भालकीजवळच्या खेड्यातली ती सकाळ आठवते. निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं, आणि शेजारच्या मळ्यात गुऱ्हाळ पेटलं होतं. माझी अक्का पाचव्यांदा गरोदर होती. मागच्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, गर्भ आत्ताच काढला नाही तर बाई जगणार नाही. जिच्या घरी राहून मी मॅट्रिक झालो, जिनं हट्टानं मला कॉलेजात धाडलं, त्या अक्काला न्यायला मी आलो होतो. अंगणात तिची सासू आडवी आली. "आपल्या लिंगायतांत पोटातल्या लेकरालाबी इष्टलिंग बांधतेत. शिवाचा जीव काढायला जायलीस व्हय गं?" शेजारीण माझ्याकडं बोट करून म्हणाली, "कालेजचा भाऊ हाय न्हवं, त्यानंच बिघडवली." भावजींनी जुंपलेल्या छकड्याचे बैल सोडून टाकले. अक्का डगमगली नाही. "लिंग आठव्यात बांधतेत, आत्याबाई. मला तिसरा हाय. तवर ह्ये पोट माझं हाय." "मग लेकरं इसर!" सासू कडाडली. अक्का सडकेपर्यंत चालत आली, मागं न बघता. ती वाचली, पण त्या घरानं तिला परत घेतलं नाही; लेकरं तिच्याविनाच वाढली. ती माझ्याकडं राहते. लग्नाकार्यात नातलग अजून टोचून विचारतात, "पस्तावा होत न्हाई का गं?" मी चिडून काही बोलायच्या आत अक्का म्हणते, "जित्ती हाय म्हणून इचारायलाव मला."