उरणच्या वाटेवर: सीटखालचा लाल डबा

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून सासूबाई गॅलरीत बसून कंटाळल्या होत्या. "मला एकदा समुद्र दाखवा गं," म्हणाल्या, आणि रविवारी सकाळी मी, नवरा संजय आणि त्या पनवेलहून उरणला निघालो. नाश्ता घरूनच करून निघा, वाटेत चहाशिवाय धड काही मिळत नाही. उलव्यापर्यंत रस्ता झकास, पण बांधकामाची धूळ एवढी की काचा बंदच ठेवाव्या लागतात. द्रोणागिरीकडे वळलं की कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागते. तिथे ओव्हरटेकचा आगाऊपणा करू नका.

गाडी मी चालवत होते. त्या रांगेतच जळक्या रबराचा वास आला, मग बोनटच्या फटीतून धूर. गाडी कडेला घेऊन बंद करेपर्यंत धुरात जाळ दिसायला लागला. मागे सासूबाई, आणि त्यांचा पाय पटकन वाकत नाही. संजय त्यांना काढायला धावला. मी सीटखालून आग विझवायचा लाल डबा ओढला, पिन काढली, दांडी दाबली.

फुस्स. चिमूटभर पावडर माझ्याच चपलेवर पडली. पुन्हा दाबली, काही नाही. सासूबाईंचा एक पाय अजून गाडीतच होता. मला रडूच फुटलं.

तेवढ्यात मागच्या गाडीतले एक दाढीवाले गृहस्थ आपला डबा घेऊन धावत आले. "भाभी, हटा तुम्ही. बोनट पुरतं उघडायचं नाय, हवा लागली की भडकेल." त्यांनी फटीतूनच फवारा मारला. आग विझली. मग म्हणाले, "अम्मांना पाणी द्या. अल्लाचा शुक्र, वेळेत बाहेर आल्या."

संजयने आमचा डबा हातात घेतला. आतला दाब दाखवणाऱ्या वरच्या गोल काचेवर कुंकवाचा जाड थर. नखाने खरवडला, तर काटा पार लाल पट्ट्यात, म्हणजे दाब कधीच संपलेला. दर दसऱ्याला गाडीच्या पूजेत सासूबाई डब्यालाही कुंकू लावायच्या, कपाळ समजून नेमकं त्या काचेवर. आम्हीही हात जोडायचो. ती पुसून बघावी, हे तिघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. "अगं, मी त्यालाच सांगत होते ना, माझ्या पोरांना सांभाळ म्हणून."

समुद्र राहिलाच. गाडी टो करून पनवेलला आणली. दोन नवे डबे घेतले, एक त्या गृहस्थांना पोचवला. तुम्हीही घ्याल तर आयएसआय मार्क बघा, ड्रायव्हरच्या हाताला येईल असा घट्ट बसवून घ्या. महिन्यातून एकदा काटा हिरव्यात आहे ना ते बघा आणि डबा उलटा करून हलवा, नाहीतर पावडर खाली बसून दगड होते. एकदा वापरला की तो संपला, बदला. मला अजून जळक्या रबराचा वास आला की मी आधी गाडी कडेला घेते.

परवा दसऱ्याला सासूबाई पूजेचं ताट घेऊन हळूहळू खाली आल्या. चष्मा लावला, पदराने काच पुसली, वाकून काटा बघितला.

"हिरव्यात आहे," मला म्हणाल्या. मग कुंकू लावलं, डब्याच्या बुडाला.