सिलिंडरची कड
परवा गॅरेज आवरताना घासलेटची जुनी बाटली सांडली आणि त्या वासासरशी परदेशातल्या लोअर हट गावातला माझा पहिला हिवाळा आठवला. पुण्याहून नोकरीसाठी एकटाच आलो होतो, एका विधुर म्हाताऱ्याच्या घरामागच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. ऑफिसातल्या 'किआ ओरा' या माओरी नमस्कारापलीकडे आठवडाभर माझ्याशी कुणी बोलत नसे. एका शनिवारी म्हाताऱ्यानं गॅरेजमधून हाक मारली. जुन्या मोटारीचं इंजिन त्यानं उघडून ठेवलं होतं. 'तू इंजिनीअर ना? सिलिंडर बोअरिंगला पाठवू, की घरीच होनिंग करून भागेल?' घासलेटनं पुसलेल्या सिलिंडरच्या आत मी नख फिरवलं. वरच्या कडेला ते चांगलंच अडकलं. म्हणजे झीज फार; होनिंगनं, नुसतं आतून घासून, भागणार नव्हतं, वर्कशॉपात कातून भोक मोठं करणारं बोअरिंगच हवं. पण इंजिन वर्कशॉपला गेलं असतं, तर माझे शनिवार पुन्हा रिकामे झाले असते. 'होनिंगनं भागेल,' मी म्हणालो. मग सगळा हिवाळा आम्ही दोघं त्या गार फरशीवर बसून घासत, पुसत, रिंगा बसवत, चहा पीत राहिलो. शेवटी गाडी सुरू केली, तर मागून निळा धूर, म्हणजे झिजलेल्या सिलिंडरात ऑइल जळत होतं. 'माझं चुकलं,' मी खाली मान घालून म्हणालो, 'नख अडकलं होतं.' तो धुराकडे बघत राहिला. 'ठाऊक आहे. तुला हाक मारण्याआधी मीही फिरवून पाहिलं होतं.' आता माझ्याकडे नवी गाडी आहे, तिचं बॉनेट वर्षभरात उघडलेलं नाही. सांडलेलं घासलेट पुसलं, आणि कुणाला हाक मारावी ते सुचेना.