तलावाचं शेवटचं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. आता तुम्हाला का सांगतोय — कुणास ठाऊक.

एकोणीसशे पन्नास सालानंतरची गोष्ट. मूल शहराजवळच्या आमच्या गावात तलावाचं पाणी माझे वडील वाटायचे. पाणी सोडायच्या तोंडाला आम्ही तुडुम म्हणतो. ते कधी उघडायचं, आधी कुणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या वाफ्याला, पाणी — बाबा तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, उभे राहून सांगायचे आणि गाव ‘होय, सोमाभाऊ’ म्हणायचं.

वयाच्या सत्तरीनंतर बाबा विसरू लागले. जेवलो की नाही, चपला कुठे ठेवल्या — एवढंच. पाण्यात मात्र कधी चूक नाही. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

त्या आश्विनात धान निसवलं होतं, शेवटच्या एका पाण्यावर अडलं होतं. बाबांना न विचारता मी आमच्या बांधीसाठी तुडुम उघडलं आणि मूलच्या बाजाराला गेलो. रमलो. मुक्कामच केला. दुसऱ्या दिवशी परतलो तर तलावाचा तळ उघडा पडलेला, पाळीवर सगळे जमलेले. अर्ध्या गावाचं पीक गेल्यात जमा होतं.

कुणी उघडलं? — सगळे विचारत होते. बाबाही तिथेच उभे होते.

‘‘बाबानंच उघडले असन,’’ मी म्हणालो. ‘‘येडावले ना ते आता.’’

इतकं सोपं असतं ते? कुणी शंकासुद्धा घेतली नाही. बाबांनीही नाही. घरी आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, ‘‘मीच उघडलो का गा? मले तं काईच आठवून नाई राह्यलं.’’

मी हो म्हटलं.

मग ते घरोघर हात जोडत फिरले. मी ओट्यावर बसून बघत होतो. लाज वाटली का? खरं सांगतो — काहीच वाटलं नाही. आजही नीटसं वाटत नाही. सोमाभाऊंचा ‘येडा सोमा’ झाला. ते दिसले की उठून उभे राहणारे लोक ‘आला तो’ म्हणू लागले. ‘येडा’ हा शब्द त्यांच्या तोंडी मी घातला होता. पाणी वाटायचं काम गावानं मलाच दिलं.

बाबांचा स्वतःवरचा भरवसा उडाला तो उडालाच. मी तलावाकडे निघालो की म्हणायचे, ‘‘भाईरून कडी लावून जाय गा. नाई तं मी अजून पाणी सोडून देईन.’’

ते गेले त्या वर्षापर्यंत, चार हंगाम, मी कडी लावून जात होतो.