मधली पानं फाटलेली मोटार

गोंदियाजवळच्या मुर्री गावातल्या पानठेल्यावर आम्ही चार जण बसलो की आमच्या मोटारीचा विषय निघतोच. मोटार जाऊन जमाना झाला, किस्से मात्र संपत नाहीत. एक सांगायला घ्यावा तर दुसरा त्याला चिकटून येतो, आणि तेवढ्यात कोणीतरी ओरडतं, "अरे, ते कोंबडीचं सांग ना!" जुनी मोटार घेणाऱ्याच्या पदरी मोटार एकच पडते, किस्से ढीगभर!

तर पहिल्यापासून सांगतो. काळ दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचा. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. आम्ही भागीदार तिघं. धोंडबाजी सगळ्यांत वडीलधारे, धानाची शेती करणारे आणि बैलांचे पक्के जाणकार. महिपत राईस मिलवाल्याची मोटार चालवून ड्रायव्हर झालेला. आणि मी मराठी चौथी पास, म्हणून लिहिण्यावाचण्याचं काम माझ्या गळ्यात. खरी मालकीण मात्र चौथीच होती, धोंडबाजींची बायको भागरथाकाकी.

मोटार घेतली तीच तिच्यापायी. आमगाव ते देवरी रस्त्यावर तेव्हा एका शेठची एकच मोटार धावायची. काकी लेकीच्या बाळंतपणाला निघाली होती, मांडीवर डिंकाच्या लाडवांचं गाठोडं. अर्ध्या वाटेत मालगुजाराचे पाहुणे चढले, जागा पुरेना. शेठच्या माणसानं सरळ काकीला खाली उतरवलं! भर उन्हात सहा कोस चालत ती पोचली, तेव्हा नातू जन्मून आंघोळही झाली होती.

घरी आल्यावर काकी एवढंच बोलली, "आपली मोटार पायजे. तिच्यातून कोनालेच उतरवाचं नाई!"

धोंडबाजींनी पुढच्याच बाजाराला एक बैलजोडी विकली.

*

जंगलखात्याचा एक गोरा साहेब विलायतेला परत चालला होता, त्याची मोटार विकायची होती. मोटारीबरोबर एक वही होती. कधी काय बिघडलं, कोणी दुरुस्त केलं, सगळं तिच्यात लिहिलेलं. पण सुरुवातीची काही पानं आणि शेवटची दोन पानं सोडली, तर मधलं सगळं फाटलेलं!

"मधली पानं कुठं गेली जी?" मी विचारलं.

"पाना गया. गाड़ी अच्छा!" साहेब म्हणाला.

धोंडबाजींना वहीशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी बाजारात बैल पाहतात तशी मोटार पाहिली. तीन फेऱ्या मारल्या, चारही टायर अंगठ्यानं दाबले, मागून चाल बघितली. मग विचारलं, "पानी किती पिते?"

साहेब मोठा प्रामाणिक. "बहुत!"

"मंग तब्येत चांगली हाय," धोंडबाजी खूश होऊन म्हणाले आणि सौदा झाला.

मोटार सुरू करून महिपत आत बसला होता, इंजिनाच्या आवाजात त्याला बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. निघताना साहेबाचा नोकर मोटार सुरू करायचं लोखंडी हँडल घेऊन धावत आला. धोंडबाजींनी त्याला हात जोडले. "नाई जी. इकल्या जनावराचं दावं जुन्या मालकाजवळच राहते. साहेबाच्या गोठ्याची बरकत आमाले नोको!" साहेबाला ही रीत इतकी आवडली, की त्यानं हँडल परत घेऊन छातीशीच धरलं.

मुर्रीत वाजतगाजत आलो. महिपतनं मोटार बंद केली. सकाळी तो हँडल शोधायला लागला, तेव्हा साहेब हँडलसकट मुंबईच्या गाडीत बसला होता!

महिपत डोकं धरून म्हणाला, "हँडल मारल्याबिगर चालू कशी होईन आता?"

"ढकलू," धोंडबाजी म्हणाले. "रीत ते रीत!"

*

सवारी बसवायची तर परवाना हवा. भंडाऱ्याच्या तपासणी साहेबानं वही उघडली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "गाडी कुठं बिघडली, कोणी नीट केली, हे कळल्याशिवाय मी माणसं बसवू देणार नाही. वही पूर्ण करून आणा."

शेठचा मुनीम तिथंच बाकावर बसला होता. तो फिदीफिदी हसला. "बैल हाँकनेवाले मोटर चलाएँगे!" मला असा राग आला, की वही तिथंच त्याच्या डोक्यात घालावी. धोंडबाजींनी मला दंड धरून बाहेर आणलं.

"बैलाची खरी माहिती मालक देते का गा? गुराखी देते," ते म्हणाले. "गोरा साहेब सारी वर्षं आमगाव-देवरीच्या रस्त्यानं हिंडला. गावागावात इचारू. जो सांगन त्याचा अंगठा घेऊ. काऊन भरनार नाई वही?"

आणि आम्ही मोटार ढकलत निघालो!

*

पहिल्याच मोठ्या गावात एक लोहार मोटारीखाली शिरला तो बाहेरच येईना. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "हे पट्टी माही हाय! खासराच्या धावेची काढून बसवली होती. अजून तशीच हाय!"

मी लिहिलं: 'मागची पट्टी तुटली. बैलगाडीच्या धावेचं लोखंड लावलं.' त्यानं अंगठा दिला. मोटार सुरू करायला आम्ही ढकलायला लागलो, तर त्यानं थांबवलं. "माहं लोखंड असलेली मोटार असी ढकलत नेऊन राहिले? मले लाज वाटते!" दुपारपर्यंत त्यानं हँडल घडवून हातात ठेवलं.

*

पुढच्या गावात एक म्हातारी काठी घेऊन मोटारीसमोर उभी राहिली. गोऱ्या साहेबानं तिची कोंबडी चिरडली होती म्हणे.

मी म्हटलं, "आजी, वहीत मोटारीचं लिवतात, कोंबडीचं नाई."

"मंग माहा अंगठा नाई! मोटार चिखलात फसली होती, ते मीच पायली. कोंबडी लिव, मंग चिखल सांगतो."

लिहावं लागलं. 'कोंबडी मेली. मोटारीला काही झालं नाही. त्याच दिवशी चिखलात फसली, चार बैलांनी काढली.' म्हातारीनं मला ते दोनदा वाचायला लावलं आणि मगच अंगठा टेकवला.

*

वही भरत चालल्याची बातमी शेठपर्यंत गेली. एका सकाळी मुनीम मुर्रीत धोंडबाजींच्या दारात हजर! "शेठजी कहते हैं, यह कबाड़ है. हम ही ले लेंगे, आपका झंझट मिटेगा."

धोंडबाजी काही बोलायच्या आत काकी धान पाखडता पाखडता उठली. "शेठले सांगा, मोटार इकाची नाई. पन कुठं जाचं असन तं या म्हनाव. आमी कोनाले उतरवत नाई!"

मुनीम पाणीसुद्धा न पिता गेला. आमच्याकडे पाहुणा असा कधी जात नाही, पण त्या दिवशी कोणाला वाईट वाटलं नाही.

*

शेवटी तपासणीचा दिवस आला. भंडाऱ्याचा तपासणी साहेब आमगावला आला. त्यानं सगळे अंगठे पाहिले, कोंबडीच्या पानावर हसलाही. पण म्हणाला, "नुसत्या अंगठ्यांवर परवाना देता येत नाही. सवारी बसवून चालवून दाखवा."

काकी सगळ्यांच्या आधी चढून बसली. साहेब महिपतच्या शेजारी, मी आणि धोंडबाजी मागे. दोन कोस मोटार अशी चालली, की मला वाटलं आता परवाना खिशात! तेवढ्यात नाला आला. मोटार पाण्यात उतरली, दोनदा खोकली आणि मधोमध बंद पडली.

महिपतनं हँडल मारून पाहिलं. काही नाही. महिपतला परत आत बसवून धोंडबाजी आणि मी पाण्यात उतरून ढकलायला लागलो. मोटार वीतभर पुढे जायची आणि तेवढीच मागे यायची.

साहेब आतून म्हणाला, "बाई, तुम्ही खाली उतरा. वजन कमी होईल."

"नाई," काकी म्हणाली.

"अहो, दोन मिनिटांचा प्रश्न आहे."

"दोन मिनिटांचा असो का दोन घडीचा. मोटारवाल्यानं उतर म्हटलं आन् मी उतरली, असं एक डाव झालं. आता नाई!"

परवाना देणाऱ्यालाच ही बाई नाही म्हणत होती! धोंडबाजी तिला समजावतील असं वाटलं, तर ते मान खाली घालून ढकलतच राहिले.

मग साहेबानं बूट काढले, मोजे खिशात कोंबले, पँट गुडघ्यावर घेतली आणि पाण्यात उतरला. तिघांनी जोर लावला. मोटार गुरगुरली, सुरू झाली आणि काठावर चढली.

साहेब भिजलेल्या पायांनी वर आला, तोवर काकीनं वहीचं कोरं पान उघडून शाईची डबी पुढे केली होती. "जो हात लावते, त्याचं नाव लिवतो आमी."

"अंगठा नको, सही करतो," साहेब म्हणाला. त्यानं पेन काढलं. "काय झालं म्हणून लिहू?"

"लिवा, मोटार बंद पडली. बाई उतरली नाई."

साहेबानं जसंच्या तसं लिहिलं, सही ठोकली आणि सहीखाली एकच शब्द लिहिला: पास.