बाटलीत जिऱ्याचं पाणी होतं

माझे बाबा दारू पिऊन कंपनीची बस चालवतात, हे मला एका मंगळवारी दुपारी कॅन्टीनमध्ये कळलं. तोपर्यंत माझी समजूत अशी होती, की ते बस चालवतात आणि जिऱ्याचं पाणी पितात.

व्हिडिओ जेमतेम मिनिटभराचा होता. आमच्या भागातल्या एका मोबाइलवरच्या बातम्यांच्या चॅनलने तो टाकला होता. त्यात बाबा भोसरीजवळ रिकाम्या बसमधून उतरतात, दोन्ही बाजूंना झुकत काही पावलं टाकतात आणि प्लास्टिकच्या बाटलीतून काहीतरी पिवळट पितात. बाटलीभोवती लाल वर्तुळ, वर्तुळाकडे लाल बाण, आणि तेवढ्याने एखाद्याला कळलं नाही तर म्हणून दुसरा बाण. मागे ढगांचा गडगडाट. "कामगारांची बस तर्राट चालकाच्या हाती?" असं एक गृहस्थ घसा खरवडून विचारत होते.

आता खरं काय ते सांगते. दिघी ते चाकण या रस्त्यावर बावीस वर्षं क्लच दाबून बाबांचा डावा गुडघा कामातून गेलाय. सीटवरून उतरल्यावर पहिली दहा पावलं ते झुलत चालतात आणि अकराव्या पावलाला सरळ होतात. व्हिडिओ दहाव्या पावलाला संपतो. बाटलीतलं पाणी आईने पित्तावर दिलेलं. बाटली पूर्वी कुठल्याशा थंड पेयाची होती, एवढाच काय तो तिचा दोष.

बस ठेकेदाराची, आणि ती ज्या कंपनीची माणसं नेते, तिथेच मी क्वालिटीला आहे, म्हणजे माल तपासते. सकाळी बाबांच्याच बसने जाते, त्यांच्या मागे तिसऱ्या सीटवर. ठेकेदाराने बाबांना बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "काका, तुम्ही पीत नाही हे मला माहितीय. पण कंपनीत शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांनी बघितलंय. त्या चॅनलवाल्याचा खुलासा आणा आणि उद्यापासून गाडी घ्या. नाहीतर माझा इलाज नाही." म्हणजे बाबांची नोकरी आता एका अशा माणसाच्या हातात होती, ज्याला ढगांचा गडगडाट आवडत होता.

आईने त्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, आम्ही आरोप केलाच नाही. आम्ही फक्त प्रश्न विचारलाय." त्यावर आईने त्याच्याबद्दल, त्याच्या चॅनलबद्दल आणि त्याच्या बुद्धीबद्दल तीन प्रश्न विचारले. ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. त्याने फोन ठेवला.

बाबांच्या जागी जो बदली चालक आला, तो आधी डंपर चालवायचा. मागे खडी नसून माणसं आहेत, हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नसावं. पहिल्याच दिवशी मोशीच्या गतिरोधकावर तीन डबे उघडले आणि पेंटशॉपच्या एका माणसाच्या सेफ्टी शूजमध्ये वरण गेलं. आदल्या दिवशी तोच माणूस मला म्हणाला होता, "ताई, बातमी आलीय म्हणजे काहीतरी असेलच ना." वरण गेल्यावर त्याचं मत बदललं. दोन दिवसांत अख्ख्या बसला अन्यायाची चीड आली.

मी मात्र खिडकीकडे तोंड करून रडत होते. असेंब्लीचे लाइन लीडर, मूळचे लातूरकडचे, शेजारी येऊन बसले. म्हणाले, "रडायलाव कशाला ताई? डिफेक्ट आलाय. मग मीटिंग घ्यायची."

ज्यांनी चाकणला नोकरी केली नाही, त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे शिफ्ट सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं सगळे गोल उभे राहतात. काल कोणता डिफेक्ट आला, जबाबदार कोण, कधी बंद होणार, हे फळ्यावर लिहायचं. मग चांगल्या कामाची शपथ, मग तालात तीन टाळ्या, आणि कामाला. माणसं ही मीटिंग इतकी वर्षं करतात, की घरी दूध उतू गेलं तरी बायकोला जबाबदार कोण ते विचारतात आणि मार खातात.

चॅनलचं ऑफिस आमच्याच रस्त्यावर, मोशीत, एका झेरॉक्सच्या दुकानावर. संपादक, वार्ताहर, कॅमेरामन आणि घसा खरवडणारा, हे सगळे मिळून एकच गृहस्थ, आणि ते ऑफिसच्याच मागच्या खोलीत राहायचे. पण कंपनीची बस कुठेही थांबत नाही. ठरलेल्या थांब्यावरच थांबते. म्हणून लाइन लीडरांनी नवीन थांब्यासाठी रीतसर अर्ज केला. कारण लिहिलं, 'कर्मचाऱ्यांची सोय'. खाली बसमधल्या सगळ्यांच्या सह्या. प्रशासन विभागाने तो न वाचता मंजूर केला. आयुष्यात पहिल्यांदा मला न वाचता सही करणाऱ्यांबद्दल प्रेम वाटलं.

सोमवारी सकाळी सव्वासहाला बस झेरॉक्सच्या दुकानासमोर थांबली. सगळे उतरले, गोल उभे राहिले. फळा आम्ही आणलाच होता. लाइन लीडरांनी शॉपफ्लोअरवर मशीनच्या आवाजावर चढवायचा तो आवाज काढला. "मागच्या मंगळवारचा डिफेक्ट! खोटी बातमी! जबाबदार?"

"वरच्या मजल्यावरचे साहेब!" सगळे ओरडले.

"बंद व्हायची तारीख?"

"आज!"

मग शपथ झाली, तीन टाळ्या झाल्या आणि आम्ही बसमध्ये बसून गेलो. शिवी नाही, दगड नाही, घोषणासुद्धा नाही. वरचा पडदा तेवढा हलला.

मंगळवारी फळ्यावर 'तारीख उलटली' असं लाल खडूने लिहिलं. बुधवारी संपादकांनी खिडकीतून आमचा व्हिडिओ काढायला घेतला. आमची माणसं लगेच उंचीप्रमाणे उभी राहिली, आणि पेंटशॉपवाला खालून म्हणाला, "भाऊ, मोबाइल आडवा धरा, फळा येत नाहीये." तोवर शेजारच्या गॅलऱ्या भरायला लागल्या होत्या. फुलांच्या पाट्या घेऊन बसणाऱ्या एका म्हाताऱ्या मावशींनी काय झालं ते विचारून घेतलं आणि वर बघून म्हणाल्या, "आरं, खाली ये की! त्या माणसाला इचारलं व्हतं का तू? न्हाई ना? मंग?" आमच्या अख्ख्या फळ्यापेक्षा ते परिणामकारक होतं, हे मी क्वालिटीची असूनही मान्य करते.

त्या दिवशी मी लंचमध्ये रीतसर कारणमीमांसेचा कागद भरला. आमच्याकडे प्रत्येक डिफेक्टला पाच वेळा 'का' विचारतात, म्हणजे मुळाशी पोचता येतं. बातमी खोटी का? कारण गुडघा दुखणारा माणूस दारुडा ठरवला. का? कारण त्याला विचारलं नाही. का? कारण विचारायला वेळ नव्हता. का? कारण दिवसाला दहा बातम्या टाकायच्या असतात. का? इथे माझा पेन अडला. कारण उत्तर असं होतं, की आपण त्या बघतो आणि पुढे पाठवतो. मी बसमध्ये कागद वाचून दाखवला आणि विचारलं, तो व्हिडिओ कोणाकोणाला कुठून आला? सगळ्यांनी मोबाइल काढून मागचे मेसेज चाळले. मग हळूहळू कळलं, की आमच्या बसच्या ग्रुपवर तो लाइन लीडरांनीच टाकला होता.

"शॉपवर मोबाइलचा आवाज बंद असतोय ओ," ते ओशाळून म्हणाले. "मला वाटलं, काकांचा सत्कार-बित्कार हाय. गोल काढला व्हता ना."

गुरुवारच्या मीटिंगमध्ये त्यांनी फळ्यावर जबाबदार म्हणून संपादकांच्या खाली स्वतःचं नाव लिहिलं. ते बघून की काय, संपादक बनियनवर, दात घासायचा ब्रश हातात धरून खाली आले. मला वाटलं होतं, कोणीतरी गुंड असेल. निघाला डोळ्यांखाली काळं आलेला, चार दिवस नीट न झोपलेला माणूस. मला त्याची थोडी कीव आली आणि कीव आल्याचा रागही आला.

"काय पाहिजे तुम्हाला?" त्याने विचारलं.

"खुलासा," मी म्हटलं. "तेवढाच मोठा, तेवढेच बाण."

खुलासा त्याच संध्याकाळी आला. पण त्या गृहस्थांना दुसऱ्या पद्धतीने बोलताच येत नसावं. तोच गडगडाट, तीच बाटली, तेच वर्तुळ. "धक्कादायक! 'तो' चालक दारू पीतच नाही! बाटलीत निघालं जिऱ्याचं पाणी! चालकाच्या पत्नीवर सगळ्यांच्या नजरा!" मग गुडघ्यावर बाण. बाबांनी तो दोनदा बघितला आणि म्हणाले, "आधीच्यात निदान नुसता दारुडा होतो. आता काय झालोय ते कळतच नाही." आईला मात्र पार रावेतपर्यंतच्या बायकांचे जिरे किती आणि पाणी किती हे विचारणारे फोन आले, आणि तिने संपादकांना अर्धी माफी दिली.

सोमवारी बाबा परत गाडीवर आले. सगळी बस टाळ्या वाजवत चढली, बरोबर तीन, तालात. डबे शाबूत पोचले.

परतीच्या वाटेवर मी त्यांच्या मागच्याच सीटवर जाऊन बसले. मला एक गोष्ट बोलायची होती. ती मी त्या कागदावर लिहिली नव्हती. व्हिडिओ आला त्या संध्याकाळी बाबा सिटी बसने घरी आले, तेव्हा दार मी उघडलं होतं. त्यांच्या हातातली पिशवी घ्यायला गरजेपेक्षा जरा जास्तच जवळ गेले होते आणि श्वास आत ओढला होता. रोज त्यांच्या मागे बसून जाणारी मी. मला माझी लाज वाटत होती आणि अजून वाटते. मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी दारात मी..."

"माहितीय," ते म्हणाले. समोर मोशीचा गतिरोधक आला होता, त्यांनी गाडी अलगद वर घेतली आणि अलगद उतरवली. "रोज मी घरी यायच्या आधी बडीशेप खातो. त्या दिवशी नाही खाल्ली. म्हटलं, पोरगी वास घेईल. बडीशेपेचा आला तर म्हणेल, बाबांनी काहीतरी लपवलं."